रिकामं पाणी

कातळवेळच्या मच्छीमार सोसायटीच्या शेडमध्ये भिंतीवर नकाशा उमटला, तेव्हा दिगंबर टिकम सगळ्यांच्या मागे जाळ्यांच्या ढिगाला टेकून बसला होता. वय बासष्ट, पण डोळे विशीतले, असं गाव म्हणायचं. चाळीस वर्षं तो गावच्या रापणीसाठी पाणी बघत होता. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. होडी ते पाण्यात अर्धगोल टाकून येते आणि मग पन्नास-साठ माणसं वाळूत पाय रोवून दोन्ही टोकांचे दोर ओढतात. दोराला ज्याचा हात लागला त्याला वाटा मिळतो, मग तो हात जवानाचा असो की विधवेचा. पण जाळं केव्हा आणि कुठे टाकायचं हे सांगायला कड्यावर उभं राहून पाण्यातला मासा ओळखणारा माणूस लागतो. ते काम पिढ्यान्‌पिढ्या टिकमांच्या घराकडे होतं.

सरकारी नकाशा यंत्राच्या नोंदींवरून काढलेला होता आणि तो समजावून सांगत होती मैथिली देवस्थळी. सहा वर्षांपूर्वी मासा शोधायचं 'मीनाक्ष' नावाचं ते यंत्र घेऊन ती कातळवेळला आली तेव्हा तिला रापण आणि हाताने फेकायचा पाग यांतला फरक कळत नव्हता. आता अर्धं गाव तिला घरच्या लग्नाची आमंत्रणं द्यायचं.

"हिरवं म्हणजे मासा जिथे अंडी घालतो ते पाणी," ती म्हणाली. "तिथे कुणाला काही बांधता येणार नाही. फक्त तुमच्यासारख्या छोट्या होड्या आणि रापणी. राखाडी म्हणजे अंडी घालायच्या दिवसांत जिथे मासा नसतोच. समुद्राचं पाणी गोडं करायचा कारखाना वर सड्याच्या पठारावर होतोय ना, त्याचं उरलेलं पाणी नळाने राखाडी भागात सोडणार. ते दुप्पट खारट असतं आणि कोमट. मोठा मासा त्याला वळसा घालून जातो, पण अंड्यांना काही पळता येत नाही. म्हणून अंडी जिथे नाहीत ती जागा निवडली."

सबंध नकाशात राखाडी ठिपका एकच होता. तो कातळवेळच्या कड्याखालीच होता.

दिगंबरला वाटलं, आता कुणीतरी उठेल आणि हरकत घेईल. रापणीचा म्होरक्या, तांडेल अनंत मेथर उठलाही. तो कमरेवर हात ठेवून म्हणाला, "मशिनान बरोबर दाखवल्यान. शिमगो इलो काय थय मासो नसताच. होळी पेटली, मासळी हटली."

शेड हसली. ही म्हण गावातलं पोरही जाणत होतं. होळी झाली की रापण वर ओढून ठेवायची, माणसांनी आंब्याच्या बागांत कामाला जायचं, घरात सुक्या मासळीवर दिवस काढायचे आणि रामनवमी झाली की पुन्हा दर्याला लागायचं, हा शिरस्ता कधीपासूनचा ते कुणालाच ठाऊक नव्हतं. "नळ घालतत तर घालूदेत," मागून एकजण म्हणाला, "गोडा पाणी तरी मिळात."

दिगंबर बाहेर आला. त्या गावात एकट्या त्यालाच ठाऊक होतं की ती म्हण खोटी आहे.

होळीपासून रामनवमीपर्यंतचे चोवीस दिवस कड्याखालचं पाणी सौंदाळा माशांनी काळं पडत असे. दर शिमग्यात त्यांची झुंड तिथे अंडी घालायला यायची. दिगंबर बावीस वर्षांचा असताना बापाने त्याला कड्यावर नेऊन ती दाखवली आणि म्हणाला होता, "मासो आसा पण मारूचो नाय, असा सांगलंस तर उपाशी माणूस आयकाचो नाय. तेका खोटाच सांगूचा लागता. खाली जावन म्हणाचा, पाणी रिकामा. ह्या पाप बघणाऱ्याचा, एकट्याचा. बायलेक नाय, भावाक नाय, कोणाक सांगूचा नाय." बापाने ते त्याच्या बापाकडून घेतलं होतं. रापणीला वर्षभर जो सौंदाळा मिळे, तो या चोवीस दिवसांच्या खोटेपणावर पोसलेला होता.

मग मैथिली यंत्र घेऊन आली. मोठ्या ट्रॉलरवाल्यांकडे मासा शोधायची महागडी उपकरणं होती, छोट्या होडीवाल्यांकडे काहीच नव्हतं. त्यांनाही बरोबरीने माहिती मिळावी म्हणून ही योजना होती. उपग्रहाला आणि कॅमेऱ्याला पाण्याचा रंग दिसतो, लाटांची चमक दिसते, पक्ष्यांचे थवे दिसतात. अशा हजार गोष्टी दिसतात, पण त्यांतली कुठली माशाची आणि कुठली नुसत्या ढगाच्या सावलीची, हे यंत्राला कळत नाही. ते एखाद्या जाणत्या माणसाकडून शिकावं लागतं. म्हणून दिगंबरला एक चष्मा दिला. त्याची नजर कुठे जाते, कुठे थांबते हे तो टिपायचा. आणि पाणी बघून झालं की दिगंबरने मोठ्याने सांगायचं, आहे की रिकामं. यंत्राला 'आहे' जितकं शिकावं लागतं तितकंच 'नाही'ही शिकावं लागतं. 'आहे' म्हटलं की जाळं पडे आणि खरं-खोटं वाळूवर येई. 'नाही' म्हटलं की जाळंच पडत नसे, त्यामुळे ते पडताळायला कुणी जात नसे.

मैथिलीने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "काका, यंत्रासाठी वेगळं काही करू नका. रोज जे करता तेच करा."

त्याने तेच केलं. चार शिमगे, शहाण्णव सकाळी, काळ्याभोर पाण्याकडे बघत तो चष्म्याला "रिकामा" म्हणाला. कधी मागे मेथर उभा असायचा, कधी कुणी नसायचं. कुणी नसताना खरं बोलायला हरकत नव्हती, पण चाळीस वर्षांची जीभ होती, ती वळलीच नाही.

यंत्र हुशार निघालं. दोन वर्षांत सबंध किनाऱ्यावरच्या होड्यांना फोनवर मासा दिसायला लागला. ज्या खाड्यांत माणसं धंदा सोडून चालली होती तिथे नव्या होड्या बांधल्या गेल्या. दिगंबरचा सत्कार झाला, शाल मिळाली. त्याच सभेत त्याने उठून सांगितलं होतं, "एकाक सांगशात तर सगळ्यांक सांगा. आणि लगेच सांगा. म्हायती दाबून ठेवलास तर ती मोठ्यांच्याच हातात जातली." टाळ्या पडल्या आणि तो नियम झाला.

नकाशा दाखवला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मैथिलीला कड्यावर बोलावलं. होळी होऊन पाच दिवस झाले होते.

"बाय, ता नकाशावरचा राखाडी आसा ना, ता खोटा."

"यंत्र चुकलं असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"मशीन कसला चुकता. मीच खोटा सांगलंय तेका." त्याने खाली बोट केलं. "ह्या बघ. दिसता काय?"

तिला फक्त पाणी दिसलं. जरा गडद, जरा सुरकुतलेलं. मग तो सांगत गेला आणि ती ऐकत गेली, आणि ऐकता ऐकता खडकावर बसली.

"चार वर्षं तुम्ही मला..."

"चाळीस वर्सां सगळ्यांकच. तू सांगलंस, रोज करतास तसाच करा. तसाच केलंय."

ती हसली नाही. म्हणाली, "आज तुम्ही उलट सांगितलंत तर नकाशा ठरवणारी समिती म्हणणार, नळ नको म्हणून म्हातारा आता खोटं बोलतोय. तुमच्या विरुद्ध तुमचेच शब्द आहेत, शहाण्णव वेळा."

"मगे बोट पाठव. पाण्याखाली बघूंदे."

"सर्वेक्षणाची बोट यंत्राला जिथे शंका असते तिथेच जाते. इथे त्याला शंकाच नाही, कारण तुम्हाला नव्हती. आणि नकाशावर सही पाडव्याच्या आत व्हायचीय. दुसरा पुरावा एकच मानतात. सोसायटीच्या काट्यावर नोंदलेली पकड."

दिगंबरला समजलं. मासा इथे अंडी घालतो हे दाखवायचं, तर अंडी घालायला आलेला मासा मारून दाखवायचा.

"एक रापण," तो म्हणाला. "एकाच दिवशी."

"काका, नोंद झाली की यंत्र शिकणार. आणि शिकलं की लगेच सगळ्यांना सांगणार. तुमचाच नियम आहे तो. ती सूचना आठ दिवस थांबवायचा अर्ज मी करते. अंड्यांच्या दिवसांत मासेमारीला बंदीही घालता येईल, पण तो हुकूम दुसऱ्या खात्याचा. यंदा तो निघणार नाही, पुढच्या शिमग्याला निघेल. आणि अजून एक. हे मासे इथेच का येतात, माहितीय? ही वाट त्यांच्या रक्तात नसते. जुने मासे पुढे असतात, नवे त्यांच्या मागे येऊन ती शिकतात. जुने सगळे एकाच वेळी गेले, तर वाट दाखवणारं कुणी उरत नाही. मग बंदी घालून काही उपयोग नाही."

"आणि नळ इलो तर?"

"तर कधीच काही उगवणार नाही इथे."

इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते हेच. पण आडात पडलेला माणूस निदान हाका तरी मारू शकतो, असं काहीसं दिगंबरच्या मनात आलं आणि त्याने ठरवलं. रापण टाकायची तर ती का टाकायची हे गावाला सांगावं लागणार होतं. गावाला सांगण्याआधी एका घरी जाणं भाग होतं.

प्रमिला त्याच्या धाकट्या भावाची, सूर्यकांतची बायको. ती अंगणात चटईवर सुंगटं, म्हणजे सुकी कोळंबी, पसरत होती. सूर्यकांत जाऊन सात वर्षं झाली होती. त्या शिमग्यात घरात काही नव्हतं, बागेतही काम मिळालं नव्हतं. लांबच्या बंदरातल्या एका मोठ्या बोटीवर माणूस हवा होता, तिथे तो गेला आणि बाराव्या दिवशी खोल दर्यात बोटीवरून पडला. प्रेतही हाती लागलं नाही. जायच्या आदल्या दिवशी तो कड्याच्या पायथ्याशी येऊन उभा राहिला होता. "दादा, पाणी कसा आसा?" एवढंच त्याने विचारलं होतं.

दिगंबर अंगणात उभाच राहिला. ती बस म्हणाली, तरी बसला नाही.

"प्रमिला, सूर्यान माका त्या दिवशी पाण्याचा इचारल्यान. मी सांगलंय, रिकामा. ता रिकामा नव्हता."

तिचा हात सुंगटांवर थांबला. त्याने बापाचं सांगितलं, नकाशाचं सांगितलं, नळाचं सांगितलं. मधेच तिने वर पाहिलं.

"कितके होते?"

तो चटईकडे बघू लागला.

"कितके होते ता इचारतंय मी, भावजी."

"खूप."

"आमचा पंधरा दिवस भागला असता?"

"भागला असता."

"मगे तो गेलो नसतो," ती म्हणाली. आवाज चढला नाही, रडली नाही. सुंगटं पुन्हा सारखी करू लागली. दिगंबरला वाटलं, हिने चटई उचलून आपल्या तोंडावर फेकावी. ते त्याला सोपं गेलं असतं. तिने फक्त विचारलं, "रापण कधी टाकतलात?"

"उद्या सकाळी."

"मी येतलंय. माका बघूचे आसत ते."

संध्याकाळी दिगंबरने गावाला सगळं सांगितलं, तेव्हा मेथर आधी भडकला, मग विश्वास ठेवेना, आणि शेवटी निव्वळ दिगंबरला तोंडावर पाडायला म्हणून जाळं टाकायला तयार झाला. सकाळी सगळं गाव वाळूत उतरलं. दिगंबरने कड्यावरून उपरणं हलवलं. शिमग्यात उपरणं हललेलं गावाने कधी पाहिलं नव्हतं. होडी वळसा घालून आली, दोर ताणले गेले आणि पहिल्याच ओढीला माणसं एकमेकांकडे बघायला लागली. दोर हलत नव्हता. म्हाताऱ्या बायका पदर खोचून दोराला लागल्या, तरी तासभर लागला.

जाळं वाळूवर आलं. इतका सौंदाळा त्यांच्यापैकी कुणी एका जागी पाहिला नव्हता. पोटं टम्म फुगलेली. जाळ्याच्या दाबाने अंड्यांची गाभोळी बाहेर येत होती आणि वाळू पिवळी होत होती. दिगंबर धापा टाकत कड्यावरून खाली आला.

"अनंता, एक टोपली काट्यार घाल. बाकीचे सोड. जिते आसत तवसर सोड."

मेथरने मान वळवली. त्याचे डोळे लाल झाले होते. "माझ्या आवशीन शेवटचो शिमगो पेजेवर काढल्यान, दिग्या. मासो खावचो होतो तिका. मी तुका इचारूक इल्लंय, आठवता? आता तू सांगू नको. तुझा आयकान झाला."

कुणीच ऐकलं नाही. चाळीस वर्षं या माणसाच्या शब्दावर गाव पाण्यात उतरत होतं, आणि आता त्याच्या बोलण्याला शेंबड्या पोराइतकीही किंमत नव्हती. लोक टोपल्या भरत होते. काहीजण शिव्या देत भरत होते, काही हसत. त्यांचा राग खोटा नव्हता आणि आनंदही खोटा नव्हता. दिगंबर गुडघ्यावर बसून हाताला लागतील तेवढे मासे पाण्यात ढकलत राहिला. निम्मे उलटे होऊन तरंगत परत आले.

प्रमिला दोराला लागली नव्हती. ती जाळ्याजवळ येऊन उभी राहिली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शांतपणे बघत गेली, आणि काही न घेता वळून चालू लागली. मेथरच्या बायकोने तिचा वाटा म्हणून टोपली पुढे केली, तर तिने ती हाताने बाजूला सारली.

मग काट्यावर पहिली टोपली चढली. काटा थांबला, आणि वाळूवरच्या सगळ्यांच्या खिशातले फोन एकदम वाजले. नकाशात कड्याखालचं पाणी हिरवं झालं होतं. मैथिली शेडच्या दारात आपला फोन कानाला लावून कुणाला तरी विनवत होती, आठ दिवस नाही तर निदान चार. पलीकडून तिला नियम वाचून दाखवला जात होता.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिचा फोन आला. "काका, नळ रद्द. नकाशा बदलला. दुसरीकडे खोल पाण्यात नेणार आहेत." ती जिंकल्यासारखं बोलायचा प्रयत्न करत होती. "काका, ऐकताय ना? नळ येणार नाही."

दिगंबर ऐकत होता. तो दारात उभा होता आणि समोर कड्याखाली होड्याच होड्या दिसत होत्या. ट्रॉलर एकही नव्हता. असता तर किनाऱ्यावरून दगड मारता आले असते, पोलिसांना बोलावता आलं असतं. या सगळ्या छोट्या होड्या होत्या, वीस-पंचवीस गावांच्या, फाटकी जाळी शिवून घेतलेल्या. ज्यांच्यासाठी सभेत त्याने टाळ्या घेतल्या होत्या ती ही माणसं. फोनने त्यांना खरं सांगितलं होतं आणि ती आली होती.

तो वाळूत उतरला. एक होडी किनाऱ्याला लागली होती. पस्तिशीतला, काडीसारखा एकजण मासे काढत होता. दिगंबरला बघून तो लगबगीने पुढे आला.

"तुमीच मां दिगंबर टिकम? मी बाबल कुबल, सातखोलचो. तुमचो फोटो बघलेलंय." त्याने होडीतले दोन मोठाले सौंदाळे उचलून दिगंबरच्या हातांत ठेवले. "तुमच्या डोळ्यान आज होडी भरली, नाना. ह्यो तुमचो मान."

मासे जड होते. त्यांच्या पोटातून पिवळं पाणी दिगंबरच्या मनगटावरून ओघळलं.

"ह्यांच्या पोटात काय आसा ता बघलंस?"

"बघलंय." बाबलचं हसू मावळलं. "मी पण दर्यावरचोच आसंय, नाना. गाभोळीचो मासो मारू नये, ह्या माका कळता. पण मी नाय मारलंय तर हे बाकीचे मारतले. माझी एकट्याची होडी वर ओढून काय थांबतला?"

याचं उत्तर दिगंबरच्या बापाकडे होतं, पण ते उत्तर आता कुणाला देता येण्यासारखं राहिलं नव्हतं.

"होळी होऊन गेली, घरात दाणो नाय," बाबल जाळं झटकत सांगत होता. "लांबच्या बंदरातल्या मोठ्या बोटीर कामाक बोलावणा इलेला. परवा निघाचा होता. बायल दोन दिवस रडता. आता चार दिवस असोच मासो मिळालो तर जावचा लागाचा नाय." त्याने जाळं खांद्यावर घेतलं आणि अगदी साधेपणाने, घरच्या वडीलधाऱ्याला विचारावं तसं विचारलं, "उद्या येव मां, नाना?"

दिगंबरने पाण्याकडे पाहिलं. मासा अजून दोन दिवस पुरेल, फार तर तीन. त्यानंतर या पाण्यात काही राहणार नव्हतं आणि पुन्हा कधी काही येणारही नव्हतं. बाबल त्याच्या तोंडाकडे बघत उत्तराची वाट पाहत होता.

"ये," दिगंबर म्हणाला. "लवकर ये."